मागचा ब्रेक आणि उजवा पाय

३ मार्च, मंगळवार

चालवली! आज गाडी चालवली.

माळ्यावरून शिडीसकट खाली आले त्या दिवसापासून — आधी ऑपरेशन, मग प्लास्टर, मग काठी — ती जिन्याखाली चादर पांघरून उभी आणि मी वर पलंगावर चादर पांघरून आडवी. आज दोघींच्या अंगावरची चादर निघाली. उजव्या पायाने किक मारायला अजून धीर होत नाही. उलट्या बाजूला उभी राहिले, डाव्या पायाने मारली. दोनदा खोकली, मग लागली. तो आवाज ऐकून पोटात गुदगुल्या झाल्या, खोटं कशाला लिहू.

गल्लीतून मोठ्या रस्त्याला, तिथून पाण्याच्या टाकीपर्यंत चढ. गाडी मजेत, मी मजेत. मग उतार. मागचा ब्रेक दाबला — पेडल खाली गेलं, गाडी मात्र आपल्याच तंद्रीत. आणखी जोर लावला. तेच. शेवटी पुढचा ब्रेक आवळला आणि फळवाल्याच्या रिकाम्या खोक्यांना नाक लावून थांबले. वरचं खोकं पडलं. फळवाला म्हणाला, "ताई, सोमवारी येत जा. सोमवारी दुकान बंद असतं."

घरी आल्यावर सांगितलं, मागचा ब्रेक कमजोर झालाय. सासूबाई म्हणाल्या, "जिन्याखाली उभ्या उभ्या ब्रेक कसा कमजोर होईल? कमजोर झालाय तो तुझा पाय." नवरा कपबशा विसळत होता. "येईल ताकद हळूहळू," म्हणाला.

संध्याकाळी भावोजी आले, नवऱ्याचे मोठे भाऊ. बातमी त्यांच्यापर्यंत आधीच पोचलेली. चहाचा घोट घेतला आणि एवढंच म्हणाले, "नाचता येईना, अंगण वाकडं."

सगळे हसले. मीही हसले. पण लागलं.

४ मार्च, बुधवार

पाय की ब्रेक? दिवसभर डोक्यात हाच किडा. संध्याकाळी घोटा थोडा सुजतो. सगळ्यांचाच सुजत असेल.

५ मार्च, गुरुवार

डोंगरापलीकडच्या कारखान्याच्या मॅनेजरबाईंचा फोन! शाळांचे गणवेश शिवतात तो. हॉलभर मशिनी आहेत आणि बिघडल्या की कोणी येत नाही. "तुमचं नाव तीन ठिकाणांहून कानावर आलं," म्हणाल्या. "एप्रिलपासून सगळ्या मशिनी तुमच्याकडे. पण आठवड्यातून दोनदा स्वतः यावं लागेल, आणि बस आमच्याकडे धड येत नाही. गाडी आहे ना?"

आहे म्हटलं. आहेच की.

एवढी वर्षं शिलाई मशिनी दुरुस्त करत गावभर फिरले. एक टेलर, मग दुसरा टेलर, कुठे एखादी घरगुती पायमशीन. अख्खा कारखाना कधी मिळाला नव्हता. फोन ठेवला आणि स्वयंपाकघरात जाऊन स्वतःभोवती एक गिरकी घेतली. डाव्या पायावर.

मग कॅलेंडर बघितलं. गाडीचं पासिंग चोवीस तारखेला. मागच्या वर्षी पहिल्या खेपेला नापास झाली होती, दिव्यांसाठी. तेव्हाच बजावलं होतं त्यांनी, जुन्या गाडीला पुन्हा नापासाचा शेरा बसला की नंबर रद्द. म्हणजे भंगार. आणि ब्रेक तर ते आधी बघतात.

रात्रीच्या जेवणाला कारखान्याचं सांगितलं. नवऱ्याचा चेहरा आधी फुलला आणि मग लगेच पडला. दोन्ही मी पाहिलं. "डोंगराचा रस्ता," म्हणाला फक्त. सासूबाईंनी भावोजींचं घोडं पुढे दामटलं — त्यांच्या स्टेशनरीच्या दुकानात गल्ल्यावर बसायला माणूस हवंय, पंख्याखाली खुर्ची आहे, पायाला आराम.

भावोजी वाईट नाहीत. ऑपरेशनच्या वेळी दवाखान्यात बाकड्यावर बसून राहिले होते. पण त्या खुर्चीवर मी एकदा बसले की उठणार नाही, हे मला आतून ठाऊक आहे.

७ मार्च, शनिवार

आज पायाची परीक्षा घेतली. युक्ती माझीच!

बाथरूममधला वजनकाटा भिंतीला उभा लावला, समोर स्टूल ठेवलं, बसून डाव्या पायाने काटा दाबला. मग उजव्याने. उजवा थोडासा कमी भरला. थोडासाच. एवढ्या ताकदीत तर ब्रेकने गाडी जागच्या जागी गाडायला हवी. दुखलं नाही असं नाही. पण ताकद आहे. आहे!

सासूबाई दारात उभ्या राहून बघत होत्या. "काय चाललंय?"

"पायाचं वजन करतेय, आई."

"त्या काट्याचं काही खरं नाही," म्हणाल्या. "मला उगाच जाड दाखवतो."

८ मार्च, रविवार

वरच्या मजल्यावरचे काका आले. आयुष्यभर बस चालवली, आता निवृत्त. मीच बोलावलं. म्हटलं, काका, तुमच्या पायाने दाबून बघा.

बसले गाडीवर. मी मागून ढकलली, त्यांनी ब्रेक दाबला, गाडी चालतच राहिली. पुन्हा ढकलली. काकांनी असा काही जोर लावला की कानशिलं लाल झाली. गाडी थांबली, पण कुरकुरत, नाइलाज झाल्यासारखी.

"लायनर गेले," काका म्हणाले. "चाक खोल, नवे शू टाक."

माझ्या पायाने नाही, काकांच्या पायाने! धावत वर आले — धावत म्हणजे कठडा धरून — आणि घरात जाहीर केलं. सासूबाई म्हणाल्या, "त्यांचं वय काय, त्यांच्या पायाचं काय सांगतेस."

घ्या. आता गावात एकाचाही पाय धड नाही.

१० मार्च, मंगळवार

चाक मीच खोलणार. मशिनी खोलते, चाक काय वाघ आहे? नवरा म्हणाला, "मेकॅनिककडे देऊया ना." म्हटलं, मला डोळ्यांनी बघायचंय. त्यावर तो लगेच कॅन्टीनला निघून गेला. दवाखान्याच्या कॅन्टीनमध्ये आचारी आहे तो, तिथे सकाळची घाई असते. पण आज जरा जास्तच घाईत होता.

काका आले मदतीला. गाडी मोठ्या स्टँडवर घेतली. मागच्या आसाचा नट सोडवला, चेन उतरवली, पेडलकडून येणारी सळई सुटी केली. चाक हातात आलं आणि ड्रमच्या झाकणासकट दोन्ही शू बाहेर. शू म्हणजे अर्ध्या चंद्रासारखे दोन तुकडे. पेडल दाबलं की ते फाकतात आणि ड्रमला आतून घासतात, म्हणून चाक थांबतं. एवढंच ते यंत्र. बॉबिनपेक्षा सोपं.

आणि शूवर काय होतं? ग्रीस! थोडंथोडकं नाही, लेप दिल्यासारखं. बोट फिरवलं तर काळं, गुळगुळीत, चकचकीत. काकांनी वाकून पाहिलं आणि कपाळाला हात लावला. "हा ब्रेक लागतोच कसा हे आश्चर्य."

मला तर नाचावंसं वाटलं. अंगण खरंच वाकडं आहे. माझ्या हातात आहे ते वाकडं अंगण.

ग्रीस आलं कुठून? काका म्हणाले, बेअरिंगमधून झिरपलं असेल. बेअरिंगचं सील पाहिलं. कोरडं ठणठणीत. असो. ड्रम ओल्या फडक्याने पुसला, मग पेट्रोलने. उद्या नवे शू आणते.

११ मार्च, बुधवार

नवे शू बसवले. चाक बसवलं. सळईचा नट आवळला. हात काळे, नखं काळी, नाकावर काळा ठिपका. मन उजळ.

टाकीच्या उतारावर गेले. ब्रेक दाबला.

तसाच.

म्हणजे पूर्वीपेक्षा बरा, पण जेमतेम. पायाखाली पेडल दबतंय, दबतंय, आणि ऐन लागायच्या वेळी त्यातला जीवच निघून जातो. पुढच्या ब्रेकवर थांबले. फळवाल्याने मला पाहून खोकी आत ओढून घेतली.

मेकॅनिककडेही नेली. त्याने उभ्या उभ्या पेडल दाबलं, "नवे शू आहेत, रुळतील," म्हणाला आणि दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे वळला.

घरात कोणी काही विचारलं नाही. ते विचारण्यापेक्षा वाईट.

१२ मार्च, गुरुवार

म्हणजे पायच?

१४ मार्च, शनिवार

आज सांगायचंच असं ठरवूनच नवरा लवकर घरी आला असणार. सासूबाई शेजारी गेल्या होत्या. मी जिन्याखाली गाडीजवळ बसले होते, नुसतीच. तो आला, पायरीवर टेकला.

"ते ग्रीस मी लावलंय," म्हणाला.

मला आधी कळेचना.

"तू प्लास्टरमध्ये होतीस तेव्हा. म्हटलं, तू परत बसशील तेव्हा गाडी लोण्यासारखी चालावी. सगळं खोललं, सगळं पुसलं, सगळ्याला ग्रीस लावलं."

"ब्रेकला?"

"ब्रेकला लावायचं नसतं हे मला काय माहीत? कॅन्टीनमध्ये जे जे फिरतं त्याला आम्ही तेल देतो."

हसायला येत होतं मला, खरंच. माझ्यासाठी अंधाऱ्या जिन्याखाली बसून हा माणूस चाक खोलतो, ज्याने जन्मात गाडी चालवली नाही, जो सायकलवरूनसुद्धा चाचपडत उतरतो. हसले असतेही. पण मग आठवलं.

"त्या दिवशी मी ब्रेक कमजोर आहे म्हटलं, तेव्हा तुला कळलं होतं?"

"शंका आली होती."

"आणि भावोजी अंगण वाकडं म्हणाले, तेव्हा तू हसलास."

"सगळेच हसले."

"तुला शंका होती आणि तू हसलास."

त्यावर तो म्हणाला ते खरं बोलला, म्हणूनच जास्त लागलं. "तू शिडीवरून पडलीस तो आवाज मी ऐकलाय. पायाचं कारण निघालं तर तू गाडीवर बसणार नाहीस असं वाटलं, मग डोंगराचं निघालं तेव्हा तर जास्तच. म्हणून गप्प बसलो."

ग्रीसचं काहीच नाही. ग्रीस पुसता येतं. अकरा दिवस मी माझ्याच पायाकडे चोराकडे बघावं तसं बघत होते, आणि ह्याला माहीत होतं.

१५ मार्च, रविवार

बोलले नाही. त्याने जेवण वाढलं, मी जेवले. पाण्याचा तांब्या सासूबाईंमार्फत मागितला.

१६ मार्च, सोमवार

रागात माणसाचं डोकं चालत नाही म्हणतात. माझं आज सुसाट चाललं!

बाजारातल्या टेलरकडे पायमशीन अडली होती. कोणीतरी खोलून परत जोडलेली. सगळे भाग जागेवर, एकही मोडलेला नाही, तरी पाय मारला की जोर चाकापर्यंत पोचतच नव्हता. पाहिलं तर जोडदांडी भलत्याच कोनात बसवलेली. सोडवली, थोडी फिरवून बसवली, आणि मशीन पळायला लागली. टेलरला म्हटलं, भाग बरोबर आहेत म्हणजे जोडणी बरोबर आहे असं नसतं.

आणि म्हणता म्हणता स्वतःचंच बोलणं ऐकू आलं.

सगळं खोललं होतं ना त्याने? *सगळं.*

रिक्षा केली, थेट जिन्याखाली. सळई चाकाजवळ जिथे जोडलेली असते तिथे एक छोटी दांडी असते, दातेरी आसावर घट्ट बसवलेली. सळई ती दांडी ओढते, आस फिरतो, शू फाकतात. दांडी साफ पुसली. तिच्यावर एक खूण आहे, आसावरही एक बारीक ठिपका. कारखान्यातून गाडी येते तेव्हा ठिपका खुणेसमोर असतो, हे बघून कोणीही सांगेल. इथे ठिपका भलतीकडेच तोंड करून! काढून परत लावताना ह्याने डोळे मिटून लावलेली. त्या दिवशी शू बदलताना मी ह्या दांडीला हातच लावला नव्हता, तिची गरजच पडली नाही.

मला तपासून बघायचं होतं. मी पेडल दाबणार तर दांडी बघणार कोण? काका गावाला गेलेले. सासूबाईंना गुडघ्यावर बसता येत नाही.

घरात एकच माणूस होता.

"इकडे ये," म्हटलं. दोन दिवसांतला पहिला शब्द. आला, तसाच, हाताला साबण. "पेडल दाब. हळू. दाबून धर."

त्याने दाबलं. मी खाली आडवी होऊन बघत राहिले. दांडी पुढे आली, सळईशी काटकोनात आली — तिथे थांबायला हवं होतं — आणि पुढे निघून गेली. तिथून पुढे कितीही दाबा, जोर वाया. ओढायच्या दोरीवर लोंबकळून उपयोग काय, दोरी वाकडी बांधली असेल तर?

"सापडलं," म्हटलं. खालूनच.

"काय?"

"तुझा दुसरा पराक्रम."

१७ मार्च, मंगळवार

दांडी काढली. दोन दाते मागे घेतली. ठिपका खुणेसमोर आला तेव्हा टक् करून बसली. बोटांना कळलं, कानाला कळलं.

शूचंही पाहून घेतलं. नव्या शूवर खडू फासला, ड्रममध्ये बसवून चाक फिरवत ब्रेक लावला आणि परत काढलं. मधेच थोडा खडू पुसला गेलेला, दोन्ही टोकांना जसाच्या तसा. म्हणजे मधला उंचवटाच फक्त टेकतोय. तोंडाला फडकं बांधून ओल्या पॉलिश पेपरने तो उतरवला. पुन्हा खडू. पुन्हा पॉलिश पेपर. नवरा शेजारी बसून खडू फासून देत होता. तिसऱ्या खेपेला टोकापासून टोकापर्यंत पुसला गेला.

मधेच म्हणाला, "रागावली आहेस अजून?"

"आहे. खडू दे."

दिला.

जोडणी झाल्यावर म्हटलं, मागे बस. त्याचा रंग उडाला. एवढ्या वर्षांत मागे बसलाय तो हाताच्या बोटांवर मोजण्याइतका, तेही सपाट रस्त्याला. पण बसला. टाकीपर्यंत चढलो. वरून उतार दिसला तेव्हा माझी कंबर त्याने अशी आवळली की श्वास अडकला.

उतारावर सोडली. वेग धरू दिला. मग उजवा पाय टेकवला — दाबलासुद्धा नाही नीट — आणि मागचं चाक जागीच रुतलं. रबराची किंचाळी, जळका वास, रस्त्यावर काळी रेघ. फळवाला दुकानाच्या बाहेर आला.

थांबलो. मग मागून आवाज आला, "परत एकदा?"

परत एकदा! चारदा गेलो. शेवटच्या खेपेला फळवाल्याने दोघांना एक एक संत्रं दिलं आणि म्हणाला, "आता सोमवारी नाही आलात तरी चालेल."

१९ मार्च, गुरुवार

भावोजी आले होते. दुकानाचं काय ठरलं, विचारायला. मी तोंड उघडायच्या आत नवरा म्हणाला, "दादा, त्या दिवशी तू अंगण वाकडं म्हणालास ना. ते मी वाकडं केलं होतं. ब्रेक मी बिघडवला, हिने दुरुस्त केला. पायाला काही झालेलं नाही."

सगळं सांगितलं. ग्रीस, दांडी, आणि शंका येऊन गप्प बसला तेसुद्धा. ते नसतं सांगितलं तरी कोणाला कळलं नसतं.

सासूबाई म्हणाल्या, "लहानपणी घड्याळ खोललं होतंस. तेव्हापासून ते उलटंच चालायचं."

भावोजी माझ्याकडे वळून म्हणाले, "चुकलं माझं." साधेपणाने. त्यांच्याबद्दल जे जे मनात साठवलं होतं ते कुठे ठेवावं कळेना.

आज तांब्या मी थेट मागितला.

२३ मार्च, सोमवार

उद्या. सगळे दिवे बघितले. हॉर्न बघितला. आरसे पुसले. चेनला तेल — चेनलाच, म्हटलं, दुसऱ्या कशालाही नाही. नवरा म्हणतो, ग्रीसचा डबा मीच लपवून ठेवलाय.

२४ मार्च, मंगळवार

काय दिवस! सगळं लिहायलाच हवं.

सकाळी उठून गाडी धुतली. लग्नाला निघाल्यासारखी चकाचक. नवऱ्याने रजा घेतली होती, मागे बसला, सकाळच्या गार हवेत निघालो. तपासणीच्या आवारात आधीच रांग. मालवाहू टेम्पो, शाळेच्या गाड्या, आणि मधे आमची म्हातारी. तपासनीस एक मध्यमवयीन गृहस्थ, डोक्यावर टोपी, बोलणं मोजकं. दिवे — ठीक. हॉर्न — ठीक. टायर — ठीक. पुढचा ब्रेक, तपासणीच्या फिरत्या रोलरवर — ठीक. मग मागचं चाक रोलरवर घेतलं. रोलर फिरायला लागले, तपासनीसांनी ब्रेक दाबला.

समोरच्या मीटरचा काटा अर्ध्यावर जाऊन थांबला.

नवऱ्याने माझा दंड धरला. मी म्हटलं, "साहेब, असं होणार नाही. कालपर्यंत चाक रुतत होतं." असं तर प्रत्येकजण म्हणत असणार. त्यांनी लिहायला पेन काढलं. मी पुढे झाले आणि ड्रमवर हात ठेवला. गरम आहे का बघायला, आणखी काही सुचलंच नाही. हात ओला झाला.

पाणी!

"साहेब, मी सकाळी धुतली. ड्रममध्ये पाणी गेलंय."

त्यांनी पेन थांबवलं. माझ्या हाताकडे पाहिलं, गाडीकडे पाहिलं. "इथे येणारा प्रत्येकजण धुऊनच आणतो," म्हणाले. "तपासणी अजून संपलेली नाही. आवाराला फेऱ्या मारा, ब्रेक थोडा थोडा लावत. सुकला की या."

मारल्या फेऱ्या. उजवा पाय पेडलवर, दाब, सोड, दाब, सोड. टेम्पोवाले बघत होते. नवरा आवाराच्या मधोमध उभा राहून माझ्याबरोबर गोल गोल वळत होता, सूर्यफुलासारखा. आधी ब्रेक मऊ लागला, मग चिकटला, मग एका फेरीला चाकाने जमीन धरली. कळलं मला. सरळ रोलरवर नेली.

काटा वर गेला. आणखी वर. तपासनीसांनी पाय काढला, पुन्हा दाबला, पुन्हा तेवढाच.

"मागचा ब्रेक कोणी केला?" त्यांनी विचारलं.

"आम्ही दोघांनी," मी म्हटलं. "एकाने बिघडवला, एकीने केला."

पहिल्यांदाच हसले ते. शिक्का मारला.

पास!

गेटबाहेर आल्यावर नवऱ्याने माझा हात हातात घेतला, भर रस्त्यात, आणि दाबला. राग गेला होता. कधी गेला, कळलं नाही.

२५ मार्च, बुधवार

डोंगरापलीकडे जाऊन आले! एकटी. सकाळी निघाले, वळणावळणाने चढ, वर गार वारा, खाली दरीत ऊन. उतारावर प्रत्येक वळणाला ब्रेक असा लागत होता की जणू कोणी मागून हलकेच खांद्याला धरतंय. मॅनेजरबाईंनी सगळा हॉल फिरून दाखवला. शेवटच्या रांगेतली मशीन तिथल्या तिथे चालू करून दिली तेव्हा शिवणाऱ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. पहिली तारीख पक्की.

परत येताना गाणं म्हटलं. मोठ्याने. हेल्मेटमध्ये स्वतःचाच आवाज इतका छान लागतो!

घोटा आज जरा जास्त सुजलाय. गरम पाण्यात ठेवला.

२६ मार्च, गुरुवार

पाय टेकवताना कळ येते. कालच्या डोंगराची असेल. उद्या तसंही डॉक्टरांनी तपासायला बोलावलंय.

२७ मार्च, शुक्रवार

एक्स-रे काढला. घोट्यातला एक स्क्रू ढिला होऊन बाहेर सरकलाय. डॉक्टर म्हणाले, बरेच दिवस झाले असतील, दुखत कसं नव्हतं? पुढच्या आठवड्यात, पहिली तारीख उलटली की, पाय पुन्हा उघडायचा. नंतर दोन महिने गाडी बंद.

म्हणजे पायसुद्धा. ब्रेकही खरा होता आणि पायही.

बाहेर बाकड्यावर बसून रडले. नवरा शेजारी. भावोजी म्हणतील काय, आई म्हणतील काय, आणि कारखाना... तो म्हणाला, "कारखान्याची पहिली तारीख हुकवायची नाही. गाडी मी शिकतो. तू मागे बस, हत्यारांची पिशवी मांडीवर घे."

संध्याकाळी अंगणात पहिल्या गियरमध्ये दोन फेऱ्या मारल्या त्याने. घामाघूम. मी पायरीवर पाय पसरून बसले होते. भिंतीजवळ आल्यावर ओरडले, "मागचा दाब!"

दाबला. थांबली.